आतल्या खोलीतलं वजन

१

भरमूअण्णा आतल्या खोलीत शिरले की स्क्रीनवरची रेघ चार बोटं वाकते. माझा धाकटा भाऊ समाधान शिरला की तीन. मी शिरले की अडीच. मे महिन्यात निपाणीला मावशीकडं राहून आले तेव्हा माझी पावणेतीन झाली होती. अण्णांनी स्क्रीनवर बोटं टेकवून सगळ्यांदेखत विचारलं, “मावशीनं काय पोत्यानं घातलं व्हय गं जेवायला?”

“अण्णा, तुमची चार कधीपासनं आहेत ते काढू का?” मी म्हणाले, तेव्हा त्यांनी बोटं काढून घेतली.

कंग्राळीच्या पुढं माळावर आमची प्रयोगशाळा आहे. छोटीशीच. भरमूअण्णा प्रमुख, मी इंजिनियर, समाधान तंत्रज्ञ. उपग्रहात बसवायचं एक उपकरण आम्ही तपासतो. डब्यात लाडवाएवढा धातूचा ठोकळा असतो, कशालाही न टेकता विजेच्या ओढीवर अधांतरी धरलेला. त्याला कुठून जराशी ओढ लागली की यंत्र त्याला परत मधोमध आणतं, आणि त्यासाठी किती जोर लागला ते रेघेवर दिसतं. वर गेल्यावर हा ठोकळा हवेचा आणि उन्हाचा धक्का मोजेल. तो धक्का वजा केला की उरते ती पृथ्वीची ओढ. डोंगरावर जास्त, पाणी आटलेल्या रानावर कमी. खाली जमिनीवर मात्र त्याला काहीही पुरतं. लोंढा स्टेशनच्या बाजूला मालगाडी निघाली तरी रेघेला हुडहुडी भरते. ज्याला वजन आहे त्याला ओढ आहे, मग तो डोंगर असो की भरमूअण्णा.

ठोकळा ठेवलाय ती आतली खोली. खाली अखंड खडक, भिंतींना जाड लोकरी नमदा, खिडकी नाही. कॅमेराही नाही, कारण त्याची ऊब चालत नाही. स्क्रू फिरवायला एकजण आत जातो आणि जमिनीला पक्क्या केलेल्या स्टुलावर अंधारात, न हलता, रेघेची थरथर बसेपर्यंत बसून राहतो. मध्येच दार उघडलं तर अख्ख्या दिवसाचं काम वाया. म्हणून नियम एकच. आतल्यानं स्पीकरवर विचारायचं, “येऊ का?” बाहेरचा रेघ बघून म्हणणार, “ये.” त्याशिवाय कडीला हात लावायचा नाही. समाधाननं नवीन असताना एकदा न विचारता दार उघडलं होतं. अण्णांनी त्याला जे झाडलं, की तेव्हापासून तो विचारल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही.

घरी आईचाही असाच एक नियम आहे. बाहेर पडणाऱ्यानं “जातो” म्हणायचं नाही, “येतो” म्हणायचं. हे सगळीकडंच आहे म्हणा. पण आमची आई, सोनुबाई, त्याच्या पुढं जाते. “येतो” म्हटलं की घरातल्यानं “ये” म्हणालंच पाहिजे. आमचे वडील, आप्पा, गेले त्या सकाळी ती मोरीत होती. आप्पांचं “येतो” तिला ऐकू आलं, पण पाण्याच्या आवाजात तिनं “या” म्हटलं नाही. दुपारी निरोप आला. भुताखेताचं नाव काढलं तर आई अंगावर येते. “बाबासाहेबांनी त्यातनं भाईर काढलंय आपल्याला,” म्हणते. पण हे एवढं तिच्या मनातून जात नाही. आम्हा दोघांच्या तोंडात ते इतकं बसलंय, की कुणी “येतो” म्हटलं की “ये” आपोआप बाहेर पडतं, झोपेतसुद्धा.

२

त्या गुरुवारी सकाळी समाधाननं नारळ फोडताना बोट कापून घेतलं. आईनं जुन्या जांभळ्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधली. वाटेत मी म्हणाले, दवाखान्यात दाखवू, तर म्हणाला, “एवढ्याशा बोटाला कशाला गं दवाखाना? लाज काढतीस काय?”

दुपारी तो आत गेला. रेघ तीन बोटं वाकली आणि तिथंच हळूहळू बसायला लागली. तेवढ्यात बेंगळुरूहून फोन आला. तिथल्या माणसाला सोमवारी उपकरण पाहिजे होतं, मंगळवार चालणार नव्हता. तो कन्नडमध्ये तापत होता आणि मी इंग्रजीत. त्यात स्पीकर खरखरला.

“येतो गं आक्का.”

“ये,” मी म्हणाले. फोन कानालाच होता.

दार उघडलं. समाधान बाहेर आला, माझ्याकडं बघून हसला, माठातलं पाणी प्याला आणि चहाला निघून गेला. फोन संपवून मी स्क्रीनकडं वळले. रेघ अजून तीन बोटांवर होती. दार नुकतंच उघडलंय, वेळ लागेल, असं मनाशी म्हणत होते, तेव्हा स्पीकर पुन्हा बोलला.

“आक्का, बसली काय रेघ? येऊ का?”

मला हसूच आलं. समाधानला असल्या खोड्या करायची सवय आहे. वायर कुठून तरी जोडून घेतली असणार आणि चहाच्या टपरीवरून माझी गंमत बघत असणार.

“आलास की रं कवाच!” मी म्हणाले आणि स्पीकर बंद केला.

बाहेर येताना त्यानं “येऊ का” विचारलं नव्हतं, नुसतं “येतो” म्हटलं होतं, हे मला तेव्हा खटकलं नाही. खटकायला हवं होतं. अण्णांनी झाडल्यापासून त्यानं एकदाही न विचारता “येतो” म्हटलं नव्हतं.

३

आम्ही हिंडलग्याला भाड्यानं राहतो. जाता-येता माझी स्कूटर, समाधान मागं. दोघं बसलो की तुरुंगाच्या भिंतीजवळच्या चढावर स्कूटर रडते आणि मी रोज त्याला म्हणते, उतर आणि ढकल. त्या संध्याकाळी स्कूटर चढ सरळ चढली. मी आरशात बघितलं. समाधान मागं होता. वाऱ्यानं त्याचा शर्ट फुगला होता.

“परवा सर्व्हिसिंग केलं त्याचा गुण बघ,” मी म्हणाले.

“व्हय की,” तो म्हणाला.

घरासमोर तो उतरला तेव्हा मागचं चाक वर उचललं गेल्यासारखं झालं नाही. रोज होतं. शॉकअबसॉर्बर सुटल्याचा “हुश्श” आवाज येतो, तोही आला नाही. गाडी स्टँडला लावून मी मागचं सीट हातानं दाबून बघितलं. दबत होतं. आवाजही येत होता. मग मला माझाच राग आला. दिवसभर वजनं बघून डोकं फिरलंय, दुसरं काय!

जेवताना मी त्याच्या हाताकडं बघितलं. चिंधी नव्हती.

“बोट?”

“बरं झालं.”

त्यानं बोट पुढं केलं. सकाळी चांगली खोल जखम होती. आता तिथं ओरखडासुद्धा नव्हता. आई ताटात भात वाढत होती, तिचाही हात थांबला. “कातडी चांगलीय माझ्या लेकाची,” एवढंच म्हणाली. तो नेहमीसारखा जेवला, उलट जास्तच. भांडी घासायला आईला मदत केली. एरवी त्याला दहादा हाक मारावी लागते.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीत कुणी नव्हतं आणि रेघ तीन बोटांवर होती.

“खडक कलला असंल,” अण्णा म्हणाले. “पलीकडं उसाला पाणी सोडलंय. खाली मुरलं की असं व्हतंय. शून्य नव्यानं लाव.”

मला पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायचंच होतं. जिथं रेघ होती तिथंच शून्य मानलं आणि अण्णांनी समाधानला तपासणीसाठी आत पाठवलं. दार लागलं. मी रेघेकडं बघत राहिले. ती हललीच नाही.

“बसला न्हाय काय रं?” अण्णांनी माईकवर विचारलं.

“उभाच राहतो,” आतून आवाज आला.

तीन पावलांवर माणूस उभा आहे आणि ठोकळ्याला पत्ता नाही! अण्णांनी वायरी हलवल्या, स्क्रीनला टिचकी मारली. तेवढ्यात समाधान न विचारता दार उघडून बाहेर आला. अण्णा त्याच्यावर खेकसले, “विचारायची पद्धत इसरलास व्हय रं?” तो नुसता हसला आणि बाजूला झाला.

मग अण्णा स्वतः आत गेले. रेघ झक्क चार बोटं वाकली. यंत्राला काही झालं नव्हतं.

“अक्षरा,” स्पीकरवर अण्णांचा आवाज आला, “ह्या स्टुलाची गादी गरम कशी काय गं?”

“समाधान बसला असंल,” मी म्हणाले.

“उभाच राहतो म्हणाला न्हवं का?”  मग ते घाईनं म्हणाले, “येऊ का?”

“या.”

बाहेर आले तेव्हा कपाळ पुसत होते. म्हणाले, “यंत्राला तुझा भाऊ आवडंना झालाय बघ.” आणि मोठ्यानं हसले. मीही हसले.  अण्णा गेल्यावर मी नवीन शून्य काढून टाकलं. रेघ परत तीन बोटांवर गेली. तीन बोटं म्हणजे काय, ते मी चार वर्षं रोज बघत आले होते. ही रेघ मी कुठंही ओळखीन.

मी आत गेले. टॉर्च लावला. रिकामं स्टूल, रिकाम्या भिंती. रेक्झिनची गादी मधोमध खोलगट झालेली. जुनी गादी आहे, खोलगट असायचीच. मी हात पुढं केला, पण गादीवर ठेवला नाही. का ठेवला नाही, ते मला सांगता येणार नाही. कुणी बसलेलं असताना आपण त्याच्या मांडीवर हात ठेवत नाही, तसा तो मागं आला.

५

रविवारी दुपारी समाधान आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. लहानपणी आई निपाणीत विड्या वळायची, तेव्हा तो असाच तंबाखूचं सूप बाजूला सारून तिच्या मांडीवर पडायचा. आई त्याच्या केसांतून हात फिरवत होती. मी भाजी निवडत होते. मला बरं वाटलं. मनाशी म्हटलं, बघ अक्षरा, शिकलीसवरलीस आणि रेघेला भिऊन बसलीस.

तो उठून बाहेर गेला. आई मात्र तशीच बसून राहिली, मांडी न हलवता.

“काय गं आई?”

“वजन न्हाय लागलं,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! डोस्कं हुतं मांडीवर, केसं हुती हातात. पर मांडीला काय लागलंच न्हाय, बाई. उशी तरी लागतीया.” ती रडत नव्हती. रागात होती. “माझी मांडी हाय ही. मला कळत न्हाय व्हय? लई गुणाचा झालाय. भांडी घासतोय, पाय चेपतोय. पर माझं पोरगं असं न्हाय गं. माझं पोरगं आळशी हाय.”

मी मेथीची पानं खुडत राहिले.

“माझं पोरगं कुठंतरी बसून राहिलंय,” आई म्हणाली. “कुणीतरी बोलवायची वाट बघत.”

माझ्या हातातली मेथी खाली पडली. गुरुवारचा स्पीकरवरचा आवाज मला जसाच्या तसा आठवला. आक्का, बसली काय रेघ? येऊ का? आणि मी काय म्हणाले होते? आलास की रं कवाच. आला, असं मीच त्याला सांगितलं होतं. वर स्पीकर बंद करून टाकला होता. आणि तो माझा भाऊ आहे. ये म्हटल्याशिवाय तो कडीला हात लावणार नाही. तीन दिवस काय, तीस वर्षं लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. ठोकळा कुलूपबंद करायचा, वीज काढायची, पेटी भरायची. उपकरण गेलं की त्या खोलीत दुसऱ्या विभागाचं भंगार ठेवायचं आधीच ठरलं होतं. मग रेघ नाही, स्पीकर नाही, आणि आत कुणी आहे हे सांगणारं काहीच नाही.

६

सोमवारी सकाळी समाधान माझ्या आधी तयार होऊन स्कूटरजवळ उभा होता. वाटेत तुरुंगाजवळचा चढ आला, गेला.

अण्णा गेटजवळ पेटीवाल्यांशी हुज्जत घालत होते. “समा, तू आत जाऊन ठोकळा लॉक कर,” त्यांनी ओरडून सांगितलं.

“थांब,” मी म्हणाले. “आधी माझ्याजवळ बैस जरा.”

तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. ती खुर्ची इतकी कुरकुरते, की अण्णा तिला सासू म्हणतात. तो बसला आणि खुर्ची गप्प राहिली.

रेघ तीन बोटांवर होती. मी स्पीकर चालू केला. नुसती खरखर. मग त्या खरखरीच्या मागं कुणीतरी नाकानं श्वास घेत होतं. समाधानचं नाक लहानपणापासून चोंदलेलं असतं. आम्ही त्याला इंजिन म्हणायचो.

“समा?” मी माईकमध्ये म्हणाले. 

“आक्का!” आतून आवाज आला. दमलेला, पण वैतागलेला, अगदी त्याचा. “किती वेळ गं? पाय भरून आल्यात माझं. अजून बसली न्हाय व्हय रेघ?”

 शेजारची खुर्ची माझ्या कोपराला लागून होती. मी मान वळवली नाही.

“आक्का,” आत तो म्हणाला, “येऊ का?”

“ये म्हणू नकोस,” माझ्या कानाजवळ त्याच आवाजात कुणीतरी म्हणालं.

धमकी असती तर बरं झालं असतं. पण त्या आवाजात धमकी नव्हती. लहान मूल परक्याच्या घरी जेवायला बसतं आणि त्याला उठवतात, तेव्हा ते जसं बोलेल, तसा तो आवाज होता.

“मी काय वाईट वागलो तुमच्याशी?” तो म्हणाला. “आईचं पाय चेपलं. तुला कधी उलट बोललो न्हाय. राहू दे की मला.”

 खरंच तो वाईट वागला नव्हता. मला त्याची भीती वाटत होती आणि त्याहून वाईट म्हणजे दयाही येत होती. आणि आत जो बसलाय तो तरी माझाच भाऊ कशावरून? माझ्याकडं पुरावा काय, तर एक वाकडी रेघ आणि एका बाईची मांडी.

पण वजन आतल्याकडं होतं. आईची मांडी खोटं बोलत नाही.

“येऊ का गं?” स्पीकर म्हणाला. आता त्याच्या आवाजात रडू होतं. “आक्का, लई अंधार हाय.”

“ये,” मी म्हणाले. “ये रं माझ्या राजा, ये.”

आत कडी वाजली. दार दोन बोटं उघडलं आणि त्या फटीतून चार बोटं बाहेर आली, दाराच्या कडेला धरून. त्यातल्या एकाला जांभळी चिंधी होती. रक्त अजून ओलं होतं, आईनं बांधलं तेव्हा होतं तसंच. स्क्रीनवरची रेघ हळूहळू सरळ होत गेली.

मी रडत होते, हसत होते, हात पुढं करून उठत होते. तेव्हा माझ्या मागं, मानेशी, कुणीतरी अगदी साधेपणानं, घरातून कामाला निघताना म्हणतात तसं म्हणालं,

“येतो गं आक्का.”

आणि माझ्या तोंडून गेलं, “ये.”

दार पूर्ण उघडलं. समाधान उजेडानं डोळे चोळत, लंगडत बाहेर आला. शेजारची खुर्ची रिकामी होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“आलो की गं कवाच,” तो म्हणाला. “आता कुणाला ये म्हणालीस?”